बांध आजोबांनी सरकवला, माफी नातवाने का मागायची?

ऑक्टोबर २०२४ मध्ये सामोआत राष्ट्रकुल देशांची परिषद भरली. गुलामगिरीच्या भरपाईचा विषय ब्रिटनला अजेंड्यावर नको होता, तरी शेवटच्या जाहीरनाम्यात त्यावर चर्चा व्हावी असा उल्लेख आलाच. त्याच महिन्यात अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जो बायडेन ॲरिझोनात गेले. मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून ज्या निवासी शाळांत ठेवलं गेलं, त्या शाळांबद्दल त्यांनी जाहीर माफी मागितली. एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन यांनी हैतीकडून दोनशे वर्षांपूर्वी केलेल्या एका वसुलीचा अभ्यास करायला दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा आयोग जाहीर केला. आणि दर १३ एप्रिलला जालियनवाला बागेची आठवण निघते, तेव्हा ब्रिटनने माफी मागावी ही मागणी पुन्हा होते.

अशा बातम्या वाचताना मनात येणारा प्रश्न साधा असतो. करणारे गेले, सोसणारेही गेले; मग आता कोण कुणाची माफी मागतंय, आणि त्याने होणार काय? हा प्रश्न विचारणारा माणूस दगडाच्या काळजाचा असतो असं नाही. मलाही तो बरीच वर्षं पडायचा.

## आधी बांधाची गोष्ट

समजा, दोन शेतं लागून आहेत. एका मालकाने बांध कोरत कोरत शेजाऱ्याची पट्टी आपल्या शेतात ओढली. शेजारी भांडला, पण त्याचं ऐकणारं कुणी नव्हतं. पुढे दोघेही वारले. आज दोघांचे नातू शेत कसतात. एकाच्या घरात त्या पट्टीचं पीक दरवर्षी येतं. दुसऱ्याच्या वडिलांना जमीन पुरली नाही म्हणून कर्ज काढावं लागलं, त्यात मुलांचं शिक्षण राहिलं.

पहिला नातू म्हणतो, "बांध मी सरकवला नाही." खरं आहे त्याचं. पण पीक तोच घेतोय, हेही खरं आहे.

या विषयातला निम्मा गोंधळ दोष आणि जबाबदारी एकच समजल्यामुळे होतो. दोष वारशाने येत नाही. आजोबांच्या करणीसाठी नातवाला चोर म्हणणं अन्यायच आहे. जमीन मात्र वारशाने येते, आणि जमिनीवरचा बोजा तिच्यासोबत येतो. जमीन ठेवीन पण बोजा घेणार नाही, असं कुणाला म्हणता येत नाही.

आता दुसऱ्या नातवाला काय हवं असेल? आधी मोजणी, म्हणजे बांध मुळात कुठे होता ते कागदावर यावं. मग समोरच्याने तोंडाने कबूल करावं. पट्टी परत मिळावी, ती मिळणार नसेल तर मोबदला मिळावा. आणि पुन्हा असं होणार नाही याची काहीतरी हमी असावी. राजवट बदलल्यावर किंवा हिंसाचार संपल्यावर देश अशा गोष्टी ज्या मार्गांनी करतात, त्यांना अभ्यासक 'संक्रमणकालीन न्याय' म्हणतात. शब्द जड आहे. मी इथून पुढे 'हिशेब' एवढंच म्हणणार आहे.

## "पण देश म्हणजे काही एक माणूस नव्हे"

हा आक्षेप वजनदार आहे. माणसं बदलतात, सरकारं बदलतात, कधीकधी नकाशासुद्धा बदलतो. मग जुन्या करणीचं ओझं नेमकं कुणाच्या डोक्यावर?

याचं उत्तर देशांच्या स्वतःच्या वागण्यात सापडतं. १८३३ मध्ये ब्रिटनने आपल्या बहुतेक वसाहतींतली गुलामगिरी संपवण्याचा कायदा केला आणि त्यासोबत २ कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली. ती मिळाली गुलामांच्या मालकांना, त्यांची 'मालमत्ता' गेली म्हणून. सुटलेल्या माणसांना एक पेनीही मिळाली नाही. उलट पुढची काही वर्षं त्यांना 'उमेदवारी'च्या नावाखाली त्याच मालकांकडे बिनपगारी राबावं लागलं. या भरपाईसाठी सरकारने कर्ज काढलं होतं. पुढे ते जुन्या सरकारी रोख्यांत मिसळत गेलं, आणि त्याचा उरलेला अंश ब्रिटनने फेडला २०१५ मध्ये.

म्हणजे २०१५ मध्ये ब्रिटनमध्ये कर भरणारा माणूस, त्यात कॅरिबियन बेटांवरून आलेल्या गुलामांची पणतवंडंही आली, १८३३ च्या करारासाठी पैसे देत होता. तेव्हा कुणी म्हटलं नाही की हे कर्ज आमच्या पिढीने काढलेलं नाही. कर्ज फेडताना देश एकच असतो, सलग असतो, त्याची सही दीडशे वर्षांनीही चालते. मग अन्यायाचा विषय निघाल्यावरच तो अचानक नव्याने जन्मल्यासारखा कसा वागू शकतो?

हैतीची गोष्ट तर याहून अंगावर येते. तिथल्या गुलामांनी बंड करून १८०४ मध्ये स्वातंत्र्य मिळवलं. १८२५ मध्ये फ्रान्सच्या राजाने युद्धनौका पाठवल्या आणि मान्यतेच्या बदल्यात १५ कोटी फ्रँक मागितले. माजी मालकांचं नुकसान झालं, त्याची ही किंमत. हैतीकडे एवढे पैसे नव्हते, म्हणून पहिल्याच हप्त्यासाठी फ्रेंच बँकांकडून कर्ज घ्यावं लागलं. १८३८ मध्ये रक्कम कमी करून एकूण ९ कोटींवर आणली गेली, पण त्यापायी काढलेल्या कर्जांची साखळी विसाव्या शतकापर्यंत ओढत राहिली. ज्यांना विकलं गेलं, त्यांच्याच नातवंडांनी स्वतःची किंमत भरली. मॅक्रॉन यांनी जाहीर केलेला आयोग याच वसुलीच्या अभ्यासासाठी आहे.

## खेद आणि माफी यांत इतकं काय अंतर आहे?

सरकारी निवेदनात प्रत्येक शब्द वकिलाच्या नजरेखालून गेलेला असतो. 'खेद वाटतो' म्हणजे जे घडलं ते वाईट होतं. 'माफी मागतो' म्हणजे ते आम्ही केलं. दुसरं वाक्य उच्चारलं की भरपाईचं दार उघडू शकतं, म्हणून सरकारं पहिल्या वाक्यावर थांबतात.

एप्रिल २०१९ मध्ये जालियनवाला बागेला शंभर वर्षं होत होती. ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे संसदेत बोलल्या. १६५० गोळ्या झाडल्या गेल्या, सरकारी आकड्याप्रमाणेच ३७९ माणसं मेली, त्या घटनेला त्यांनी ब्रिटिश-भारतीय इतिहासावरचा लाजिरवाणा व्रण म्हटलं. तीव्र खेदही व्यक्त केला. माफीचा शब्द मात्र आला नाही.

केनियाचं उदाहरण अधिक बोलकं आहे. १९५० च्या दशकात तिथल्या ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या माउ माउ उठावाच्या वेळी ब्रिटिश छावण्यांत कैद्यांचे भयंकर हाल झाले. काही वृद्ध केनियन नागरिकांनी लंडनच्या न्यायालयात दावा लावला. त्या खटल्याच्या ओघात वसाहती सोडताना ब्रिटनने सोबत नेऊन दडवून ठेवलेल्या फायलींचे ढीग बाहेर आले. जून २०१३ मध्ये परराष्ट्रमंत्री विल्यम हेग यांनी संसदेत छळ झाल्याचं मान्य केलं, मनापासून खेद व्यक्त केला आणि ५,२२८ जणांसाठी खर्चासह १.९९ कोटी पौंडांची तडजोड जाहीर केली. त्याच निवेदनात त्यांनी हेही सांगितलं की वसाहतीच्या प्रशासनाने केलेल्या कृत्यांची कायदेशीर जबाबदारी आजचं सरकार स्वीकारत नाही. पैसे दिले, पण सही केली नाही.

तरीही मी त्या तडजोडीला क्षुल्लक म्हणणार नाही. साठ वर्षं ज्यांना खोटं ठरवलं गेलं, त्यांचं म्हणणं त्या दिवशी ब्रिटिश संसदेच्या नोंदीत खरं म्हणून गेलं. मोजणी झाली.

## माफी एकच, पण दोनदा का मागावी लागली?

२३ मे १९१४ ला 'कोमागाता मारू' हे जहाज कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या बंदरात पोचलं. त्यावर ३७६ प्रवासी होते, बहुतेक पंजाबमधले शीख. कॅनडाचा तेव्हा एक नियम होता: येणाऱ्याने आपल्या देशातून थेट, मध्ये न थांबता प्रवास केलेला असावा. भारतातून असा प्रवास जवळपास अशक्यच होता, आणि नियम नेमका त्यासाठीच केला होता. दोन महिने जहाज बंदरात अडकून राहिलं. मोजके लोक सोडले तर कुणालाही उतरू दिलं नाही, आणि शेवटी युद्धनौकेच्या धाकाने ते परत पाठवलं. सप्टेंबरमध्ये कलकत्त्याजवळ बजबज इथे उतरताना ब्रिटिश पोलिसांच्या गोळीबारात अनेक प्रवासी मारले गेले.

ऑगस्ट २००८ मध्ये कॅनडाचे पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी माफी मागितली. कुठे? सरे शहरातल्या एका बागेत, मेळाव्याच्या मंचावर. ते खाली उतरले आणि जमलेल्या शीख समाजाने तिथल्या तिथे ही माफी नाकारली. त्याच वर्षी जून महिन्यात हार्पर यांनी मूळनिवासींच्या निवासी शाळांबद्दल संसदेत उभं राहून माफी मागितली होती. मग आम्हाला बागेत का? आमच्या लोकांना परत पाठवणारा नियम मेळाव्यात झाला नव्हता.

१८ मे २०१६ ला जस्टिन ट्रूडो यांनी हाउस ऑफ कॉमन्समध्ये माफी मागितली. घटनेला १०२ वर्षं झाली होती. या वेळी ती स्वीकारली गेली. भरपाईची रक्कम मधल्या काळात बदलली नव्हती, कारण ती नव्हतीच. बदललं होतं फक्त ठिकाण. संसदेत बोललेलं देशाच्या दप्तरात राहतं, मंचावरचं भाषण त्या संध्याकाळपुरतं असतं.

माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. हिशेब पूर्ण झाला की नाही, हे ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनी ठरवायचं असतं. जर्मनी आणि नामिबियाचं घोडं इथेच अडलं. १९०४ ते १९०८ या काळात जर्मन फौजांनी तिथल्या हेरेरो आणि नामा लोकांना गोळ्या घातल्या, वाळवंटात तहानेने मरायला सोडलं, छावण्यांत कोंडलं. मे २०२१ मध्ये जर्मनीने हा आजच्या दृष्टीने वंशसंहार होता असं मान्य केलं आणि तीस वर्षांत १.१ अब्ज युरो देऊ केले. पण हे पैसे विकासकामांसाठी होते, 'भरपाई' हा शब्द टाळला होता, आणि बोलणी दोन सरकारांमध्ये झाली होती. हेरेरो आणि नामांच्या अनेक नेत्यांनी विचारलं, आमच्याबद्दलच्या करारात आम्ही कुठे आहोत? नाझी काळाच्या हिशेबासाठी ज्या देशाचं नाव जगभर घेतलं जातं, तोच आफ्रिकेत इतका आखडता हात घेतो, हे मला खटकतं.

## "काळच तसा होता हो"

जुन्या माणसांना आजच्या फूटपट्टीने मोजू नये, असं म्हणतात. म्हणणं रास्त वाटतं, पण ते तपासून बघावं. त्या काळातली सगळी माणसं खरंच तसं मानत होती का?

हेरेरोंना संपवण्याचा हुकूम जनरल फॉन ट्रोथा याने ऑक्टोबर १९०४ मध्ये काढला. त्यावर खुद्द बर्लिनमध्ये आक्षेप घेतले गेले आणि काही आठवड्यांत तो मागे घ्यावा लागला. जालियनवाला बागेतल्या गोळीबाराला १९२० मध्ये ब्रिटिश संसदेत राक्षसी म्हणणारे मंत्री होते विन्स्टन चर्चिल, जे साम्राज्याचे कट्टर पुरस्कर्ते. १९४२ मध्ये अमेरिकेने सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत टाकलं. १९४४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना घरांतून हलवण्याचा हुकूम वैध ठरवला, तेव्हा तीन न्यायमूर्तींनी विरोधी निकाल लिहिला आणि त्यातल्या फ्रँक मर्फी यांनी याला सरळ वंशद्वेष म्हटलं. आणि ज्यांच्यावर अन्याय होत होता, ती माणसं काय त्या काळाची नव्हती? त्यांची फूटपट्टी कुणी विचारलीच नाही, एवढंच.

## शिक्षा की सत्य?

वर्णभेदाची राजवट संपली तेव्हा दक्षिण आफ्रिकेपुढे मोठा पेच होता. जुने पोलीस आणि सैन्य जागेवर होते. सगळ्यांवर खटले भरायचे तर पुन्हा रक्तपाताची भीती, आणि पुरावे तर त्यांच्याच हातात. मग १९९५ च्या कायद्याने सत्य आणि सलोखा आयोग नेमला गेला, डेस्मंड टुटू त्याचे अध्यक्ष. अट अशी होती: राजकीय हेतूने केलेला गुन्हा संपूर्ण आणि जाहीरपणे सांगा, तर खटल्यापासून अभय मिळेल.

जुलै १९९७, केप टाउन. जेफ्री बेन्झिन या पोलीस अधिकाऱ्याच्या अर्जाची सुनावणी चालू होती. कैद्यांच्या डोक्यावर ओली पिशवी घट्ट ओढून तो त्यांना गुदमरवायचा. समोर बसले होते टोनी येंगेनी, त्याच्या हाती छळ सोसलेले, आता खासदार. येंगेनींनी मागणी केली की ही पिशवी कशी वापरायचास ते इथे करून दाखव. एक माणूस जमिनीवर पालथा झोपला. बेन्झिन त्याच्या पाठीवर बसला आणि त्याने डोक्यावरून पिशवी खाली ओढली. सभागृह बघत राहिलं. एका माणसाशी असं वागणारा तू कसला माणूस आहेस, असं येंगेनींनी विचारलं. नंतर बेन्झिनने त्यांनाच सगळ्यांसमोर आठवण करून दिली की तुम्ही किती लवकर साथीदाराचं नाव सांगितलं होतं.

बेन्झिनला अभय मिळालं.

हे वाचून पोटात ढवळतं, आणि तसंच व्हायला हवं. पोलीस कोठडीतल्या मारहाणीने मेलेले वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबाने अभय देण्याच्या या तरतुदीलाच न्यायालयात आव्हान दिलं होतं, ते हरले. सात हजारांवर अर्ज आले आणि बहुतेक फेटाळले गेले, बिकोंच्या मृत्यूला जबाबदार पोलिसांचेही. ज्यांना अभय मिळालं नाही त्यांच्यावर खटले व्हायला हवे होते. फारच थोडे झाले. ते कुणी दाबले का, हे तपासायला २०२५ मध्ये, म्हणजे जवळजवळ पाव शतकानंतर, नवा चौकशी आयोग नेमावा लागला. पीडितांसाठी सहा वर्षं वार्षिक मदत द्यावी, अशी सत्य आयोगाची शिफारस होती; सरकारने २००३ मध्ये एकरकमी ३०,००० रँड दिले. आयोग फसला असं मी म्हणणार नाही. २१ हजारांवर माणसांची कहाणी नोंदली गेली, आणि 'असं काही घडलंच नाही' म्हणण्याची सोय संपली. पण मोजणी करून कागद कपाटात ठेवला, तर बांध जागचा हलत नाही.

## पैशाने काय भरून येतं?

काहीच नाही, असं सर्वांत आधी पीडितच म्हणतात. १९५२ च्या जानेवारीत इस्रायलच्या संसदेत जर्मनीशी भरपाईची बोलणी करायची की नाही यावर वाद झाला, तेव्हा बाहेर जमावाने दगडफेक केली. आमच्या मेलेल्यांची किंमत लावू नका, असं म्हणणाऱ्यांत नाझी छावण्यांतून वाचलेले लोक होते. ठराव ६१ विरुद्ध ५० मतांनी निभावला आणि सप्टेंबरात ३ अब्ज मार्कांचा करार झाला. तो जर्मनीतही लोकप्रिय नव्हता. चान्सलर आडेनॉवर यांना तो मंजूर करून घ्यायला विरोधकांची मतं लागली.

तरी पैशाचं एक काम असतं. बोलायला काही लागत नाही, द्यायला लागतं. म्हणून दिलेला पैसा शब्दांना वजन देतो. छावण्यांत टाकलेल्या जपानी-अमेरिकनांसाठी १९८८ मध्ये अमेरिकेने कायदा केला: हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर आणि राष्ट्राध्यक्षांच्या सहीचं माफीपत्र. सर्वांत वयोवृद्ध लोकांना आधी. पैशाने आणि शब्दांनी गेलेली वर्षं परत येत नाहीत, असं त्या पत्रातच लिहिलं होतं. ८० हजारांहून अधिक जणांना ही रक्कम मिळाली. छावण्यांत होते त्यांतले कित्येक तोवर वारले होते.

न्यूझीलंडमधल्या वैकाटो या मूळनिवासी जमातीकडे याची फार नेमकी म्हण आहे: जमीन गेली, तर जमीनच परत यावी. १८६० च्या दशकात ब्रिटिश सत्तेने त्यांची दहा लाखांवर एकर जमीन जप्त केली. १९९५ च्या तडजोडीत त्यांना जमीन आणि पैसे मिळून १७ कोटी न्यूझीलंड डॉलरचा मोबदला मिळाला. नुकसानीच्या मानाने तो थोडा आहे, हे दोन्ही बाजूंना माहीत होतं. पण माफीचा मजकूर कायद्यातच लिहिला गेला, आणि त्या कायद्यावर राणी एलिझाबेथ यांनी स्वतः तिथे येऊन सही केली. जमीन राणीची खापरपणजी व्हिक्टोरिया हिच्या नावाने घेतली होती, म्हणून ही सही वैकाटोंना मोलाची वाटली.

## मग किती मागे जायचं?

या प्रश्नाला स्वच्छ रेघ नाही, आणि आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. तीन गोष्टी मात्र बघता येतात. करणारी संस्था, म्हणजे तेच राज्य, तीच संसद, अजून आहे का? नोंदी आहेत का? आणि त्या अन्यायाचा परिणाम आजच्या जिवंत माणसांच्या आयुष्यात दिसतो का? हजार वर्षांपूर्वीच्या स्वाऱ्या या चाळणीत सहसा टिकत नाहीत. वसाहती, गुलामगिरी, जप्त जमिनी टिकतात.

'मुदत संपली' हे कारणही नेहमी चालत नाही. १९४७ मध्ये डच सैनिकांनी जावा बेटावरच्या रावागेडे गावातल्या पुरुषांना रांगेत उभं करून मारलं. त्यांच्या विधवांनी साठ वर्षांनी दावा केला, तेव्हा डच सरकारने मुदतीचाच मुद्दा काढला. हेगच्या न्यायालयाने २०११ मध्ये तो फेटाळला. त्याच वर्षी डच राजदूताने त्या गावात जाऊन माफी मागितली.

## आणि आपला बांध?

जालियनवाला बागेसाठी माफीची मागणी करण्याचा आपला हक्क मी पूर्णपणे मानतो. म्हणूनच तीच चाळणी घरात लावून बघितली पाहिजे.

१८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. अख्ख्या जमातींवर जन्माने गुन्हेगार असा शिक्का बसला. नाव रजिस्टरात, पोलिसांकडे हजेरी, परवान्याशिवाय फिरायची बंदी, काहींना तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटमध्ये राहणं. कायदा परक्यांनी केला, हे खरं. पण ऑगस्ट १९५२ मध्ये तो रद्द झाला तेव्हा स्वतंत्र होऊन आपल्याला पाच वर्षं झाली होती, आणि त्यानंतरही अनेक राज्यांत 'सराईत गुन्हेगार' कायदे राहिले. ज्यांना आपण विमुक्त म्हणतो, त्यांच्याकडे चोरी झाली की पोलीस आधी बघतात, ही तक्रार ते आजही करतात.

अस्पृश्यतेचा हिशेब आपण काही अंशी राज्यघटनेतच मांडला: कलम १७ ने ती बेकायदा ठरली आणि आरक्षणाने बांध थोडा मागे सरकवण्याची सोय झाली. "जात मी पाळत नाही, मग माझी जागा का जावी?" हा प्रश्न म्हणजे पहिल्या नातवाचंच वाक्य आहे. त्या वाक्यामागचा त्रास मी नाकारत नाही. पण पट्टीचं पीक कुणाच्या घरात येत राहिलं, हेही त्याच दमात विचारावं लागतं.

३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांमधल्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. त्यांत कैद्यांना जातीप्रमाणे कामं वाटली जात होती, स्वयंपाक कुणी करायचा आणि झाडलोट कुणी करायची हे जातीवरून ठरत होतं, आणि विमुक्त जमातींच्या लोकांना सराईत गुन्हेगार धरलं जात होतं. कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढून टाका, असा आदेश न्यायालयाने दिला, आणि नियमावल्या दुरुस्त करायला सरकारांना तीन महिने दिले. १८७१ च्या कायद्याची ती सावली घटना लागू झाल्यानंतरही चौऱ्याहत्तर वर्षं आपल्याच दप्तरात छापलेली होती.